बायोप्सीचा रिपोर्ट यायला एवढे दिवस का लागतात? रक्ताचा तर संध्याकाळी मिळतो

तुमचा प्रश्न वाचला. आईच्या छातीतली गाठ काढली, डॉक्टरांनी बाटली तुमच्याच हातात देऊन लॅबला पाठवलं, आज आठवा दिवस आणि फोन केला की एकच उत्तर, 'प्रोसेसमधे आहे'. लॅबवाले झोपा काढतात का असं शेवटी विचारलंय तुम्ही. झोपा नाही काढत हो. मी गेली १४ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे असे तुकडे तपासायच्या विभागात, टेक्निशियन आहे, डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करून चिकटलो तो चिकटलोच, आणि फोन उचलून 'प्रोसेसमधे आहे' म्हणणारा बऱ्याचदा मीच असतो, त्यामुळे तुमच्या वैतागाचा थोडा धनी मीपण आहे असं समजा.

रक्त पातळ असतं, मशीनला लावलं की आकडे बाहेर. गाठ म्हणजे मांसाचा गोळा. तो मायक्रोस्कोपखाली बघायचा तर त्यातून उजेड आरपार जायला पाहिजे, म्हणजे त्याचा काप काढायचा ४ मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे केसाचे उभे सतरा-अठरा पापुद्रे काढले तर त्यातला एक. आता कच्च्या मटणाचा तुकडा घेऊन सुरीने पातळ काप काढून बघा घरी, सुरी कितीही धारदार असू दे, ते बुळबुळीत सरकतं नुसतं. मग आधी ते घट्ट करायचं, तेही असं की आतली एकेक पेशी होती तिथेच राहिली पाहिजे, आणि तुमचे बरेचसे दिवस यातच जातात.

सुरुवात तुमच्या हातातल्या त्या बाटलीपासूनच होते. तिच्यात जे डोळ्याला झोंबणारं पाणी होतं ते फॉर्मालिन, विकतच्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, वर थोडे क्षार. १८९३ मधे फर्डिनांड ब्लूम नावाचा जर्मन डॉक्टर हे जंतुनाशक म्हणून तपासत होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या बोटांची कातडी कडक पडतेय, तिथून हे टिश्यूसाठी, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांसाठी, वापरायला लागले. ग्लोव्हज न घालता काम केलेल्या प्रत्येक टेक्निशियनला ती बोटं माहितीयेत. (आम्हीपण सुरुवातीला नाही घालायचो, मूर्खपणा होता, फॉर्मालडिहाईड कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.)

तर हे फॉर्मालिन आत शिरतं ताशी साधारण १ मिलिमीटर, तेही सुरुवातीला, पुढे अजून हळू. तुमच्या आईची गाठ ४ सेंटिमीटरची असेल तर मधोमध पोचायला २ सेंटिमीटर, म्हणजे सरळ हिशोबाने २० तास आणि खरं बघता जास्तच. म्हणून मोठा नमुना आला की आम्ही आधी त्याला पावासारखे काप देतो, पूर्ण तोडत नाही, आणि ताज्या फॉर्मालिनमधे रात्रभर ठेवतो. गर्भाशय असलं तर उघडतो. न उघडता तसंच ठेवलं तर बाहेरून छान दिसतं आणि आतून दुसऱ्या दिवशी वास मारतं.

लोक बाटल्या कशा आणतात यावर मी वेगळं लिहू शकेन. लोणच्याची बरणी येते, ते एकवेळ परवडलं, रुंद तोंडाची असते. पण पाण्याची प्लास्टिकची बाटली आली की आमच्या पोटात गोळा. ओला मऊ तुकडा अरुंद तोंडातून दाबून आत जातो, फॉर्मालिनमधे कडक होतो आणि मग बाहेर काही निघत नाही, बाटलीच कापावी लागते. एकदा एक काका लांबच्या तालुक्यातून एसटीने तीन तास बाटली मांडीवर धरून आले, उघडली तर आत नुसतं सलाईन, मे महिना. दवाखान्यात फॉर्मालिन संपलं होतं म्हणे. काय बोलणार. पित्ताशय होतं, त्यातले खडे तेवढे एकदम ठणठणीत होते.

मग ग्रॉसिंग. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम गाठ मोजतात, कापतात, कडांना शाई लावतात (म्हणजे नंतर स्लाईडवर कळतं की रोग कापलेल्या कडेपर्यंत आलाय का) आणि संशयाच्या जागेचे ३-४ मिलिमीटरचे तुकडे माझ्या हातात देतात. मी ते छोट्या जाळीच्या डबीत, कॅसेट म्हणतात तिला, ठेवतो आणि नंबर घालतो शिसपेन्सिलीने. बॉलपेनने घातला तर रात्रीत अल्कोहोल आणि झायलीन नावाचं द्रावण तो धुऊन टाकतात आणि सकाळी हातात एक निनावी तुकडा राहतो. आमच्याकडे एका दिवसात तीन-तीन पाटील येतात, कधीकधी नावासकट सारखे, त्यामुळे आम्ही नावाने काम करतच नाही, नंबर म्हणजे नंबर.

रात्रीची पाळी मशीनची. टिश्यूत पाणी असतं, आणि आम्हाला त्याच्या आत मेण भरायचंय म्हणजे ते कडक होईल. मेण आणि पाण्याचं जमत नाही. म्हणून चढत्या क्रमाने अल्कोहोल, ७० टक्क्यापासून १०० पर्यंत, पाणी काढून टाकायला. पण अल्कोहोल आणि मेणाचंही जमत नाही. मग मधे झायलीन, म्हणजे लग्न जुळवणारा मामा म्हणा, दोन्हीकडे ओळख. तो अल्कोहोलला बाहेर काढतो, मेणाला आत घेतो आणि स्वतः निघून जातो. मेण ६० डिग्रीच्या आसपास वितळलेलं ठेवलेलं असतं. एका भांड्यात तास, दुसऱ्यात दीड तास असं करत सगळं मिळून १२ ते १६ तास. छातीच्या गाठीत चरबी जास्त असते, ती अजून वेळ खाते. इथे घाई केली तर तुकडा आतून ओलाच राहतो आणि कापताना मधेच भोक पडतं.

आणि उशीर झाला तरी वाट लागते. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, दुसऱ्या एका लॅबमधे होतो. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलीय हे मला शुक्रवारीच माहिती होतं, सोमवारी बघू म्हटलं. शनिवारी रात्री लाईट गेली, मशीनची बास्केट झायलीनमधे उतरलेली तिथेच अडकली, रविवार पूर्ण तसाच. सोमवारी सकाळी टिश्यू काढले तर खारकेसारखे झालेले, ब्लेड लावलं की भुगा. मोठ्या नमुन्यांचं एकवेळ ठीक, बाटलीत शिल्लक असतं, परत तुकडे घेतले. पण एंडोस्कोपीचे नखाएवढे कण सगळेच्या सगळे प्रोसेसिंगला टाकलेले असतात, मागे काही राहत नाही. दोन पेशंटना परत नळी घालून घ्यावी लागली. सर ओरडले नाहीत, फक्त त्या दोघांना फोन मलाच करायला लावला. दुसरे आजोबा फोनवर एवढंच म्हणाले, परत उपाशी यायचं का. अजूनही मी घरी जाताना बॅटरीचा काटा बघूनच जातो.

सकाळी तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्याला ब्लॉक म्हणतात. इथे तुकडा कुठल्या अंगावर झोपवायचा हे महत्त्वाचं, कातडीचा तुकडा उभाच पाहिजे, आडवा बसला तर वरचा थर आणि खालचा थर एकत्र दिसतच नाहीत आणि मॅडम हाका मारायला लागतात.

मग मायक्रोटोम, म्हणजे काप काढायचं मशीन, माझं आवडतं काम. ब्लॉक बर्फावर गार करायचा, मशीनला लावायचा, चाक फिरवायचं. एका फेरीला एक काप, आणि काप एकमेकांना चिकटत त्यांची रिबन तयार होते. ती चिमट्याने आणि ब्रशने अलगद उचलून ४५ डिग्रीच्या कोमट पाण्यावर सोडायची, दुधावरच्या सायीसारखी तरंगते, सुरकुत्या आपोआप उकलतात, मग खालून काचपट्टी तिरकी घालून उचलायची. हे करताना श्वाससुद्धा जपून. पंखा बंद, कारण पंख्याने रिबन उडते. आमच्या लॅबमधे एसी नव्हता तेव्हा एप्रिल-मे म्हणजे छळ होता, आपण घामाने भिजलेलो आणि मेण मऊ पडलेलं, दर दोन ब्लॉकला बर्फ. सुईने घेतलेली बायोप्सी असली तर तुकडा असतो शेवयीएवढा, चाक चार वेळा जास्त फिरलं तर निदान कचऱ्यात, म्हणून असल्या ब्लॉकला कुणी बोलायला आलं की मी मान वर करत नाही, लोकांना वाटतं शिष्ट आहे. आणि दर ब्लॉकनंतर त्या पाण्यावरून कागद फिरवायचा, मागच्या पेशंटचा कण तरंगत राहिला आणि पुढच्याच्या स्लाईडवर बसला तर काय होईल तुम्हीच विचार करा.

पुढे स्टेनिंग, म्हणजे रंगवणं, त्यात काही दिवस जात नाहीत, तास-दीड तासाचं काम. आदल्या रात्री जे केलं तेच उलट्या क्रमाने, मेण काढा, अल्कोहोल उतरत्या क्रमाने, पाण्यात आणा, मग रंग. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो, आजसुद्धा. त्यातून स्लाईड जांभळट लाल निघते आणि वाहत्या नळाखाली धरली की पेशींची केंद्रकं निळी होत जातात, आमचं बोअरचं जड पाणी याला फार छान, पिण्याला कितीही वाईट असलं तरी. मग इओसिनचा गुलाबी. निळं-गुलाबी झालं की मॅडमच्या टेबलावर.

आता तुम्ही म्हणाल, ऑपरेशन चालू असताना तर २० मिनिटात रिपोर्ट देतात. देतात, त्याला फ्रोजन म्हणतात. मेणाऐवजी उणे २० डिग्रीला टिश्यू गोठवून कापतो. पण त्यात पेशी मेणासारख्या स्वच्छ दिसत नाहीत, चरबी तर धड गोठतच नाही, ब्लेडला लागून ओघळते. सर्जनला तिथल्या तिथे ठरवायचं असतं, अजून कापू की थांबू, तेवढ्यापुरतं ते. पक्का रिपोर्ट नंतर मेणावरचाच.

तर छोट्या तुकड्याला दोन-तीन दिवस, मोठ्या गाठीला चार-पाच. हाड असलं तर आधी अ‍ॅसिडमधे मऊ करायला लागतं, त्याचे वेगळे. तुमचे आठ झालेत म्हणजे बहुतेक दोनपैकी एक गोष्ट. एक, मॅडमना पहिल्या स्लाईडवर समाधान झालं नाही आणि त्यांनी अजून खोल काप किंवा बाटलीतले अजून तुकडे मागितलेत. दोन, आयएचसीला टाकलंय, म्हणजे पेशींमधली ठराविक प्रथिनं रंगवून बघायची टेस्ट. छातीच्या गाठीत कॅन्सर दिसला तर त्यातल्याच ईआर, पीआर, हर-टू या टेस्ट करतात, पुढचं औषध त्यावर ठरतं, पण साधी गाठ आहे की नाही हे नक्की करायलाही आयएचसी करतात. त्यामुळे उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं असा अर्थ कृपा करून काढू नका, मी उशीर झालेले कितीतरी रिपोर्ट साधे निघालेले बघितलेत आणि दुसऱ्या दिवशी गेलेले वाईटही. हर-टूचं उत्तर मधलं, म्हणजे २+ आलं, तर फिश नावाची अजून एक टेस्ट लागते, ती बाहेरगावी जाते, तेव्हा अजून काही दिवस धरा.

उद्या फोन केलात तर 'रिपोर्ट कधी' असं विचारू नका, त्याला तेच उत्तर येणार. नंबर सांगा आणि विचारा, स्लाईड मॅडमच्या किंवा सरांच्या टेबलावर गेली का, रीकट (म्हणजे परत काप) किंवा आयएचसी सांगितलंय का. याचं उत्तर टेक्निशियन देऊ शकतो. आणि आधीच्या सोनोग्राफी, मॅमोग्राफीचा रिपोर्ट लॅबला दिला नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आजच पाठवा, फॉर्मवर 'गाठ' एवढा एकच शब्द लिहून येतात निम्मे नमुने.

'काय निघालं' हे मात्र मला विचारू नका. इतकी वर्षं स्लाईड बघून अंदाज येतो, खोटं कशाला बोलू, पण तो अंदाज आहे, निदान करायचं शिक्षण माझं नाही आणि सही माझी नाही. आमच्या शेजारच्या काकूंची बायोप्सी माझ्याच हातून गेली, चार दिवस त्या गॅलरीतून विचारायच्या आणि मी गाडी काढून निघायचो. रागावल्या. रिपोर्ट चांगला आल्यावर भडंग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुला माहिती होतं ना मेल्या.

शेवटचं, रिपोर्ट काहीही येऊ दे, पुढे दुसरं मत घ्यायचं ठरलं किंवा मुंबईला टाटाला दाखवायचं ठरलं तर ते ब्लॉक आणि स्लाईड घेऊन यायला सांगतात, नुसता कागद चालत नाही. लॅबला अर्ज दिला की मिळतात. स्लाईड काचेच्या आहेत, डबीत न्या. आणि ब्लॉक मेणाचा आहे, तो हातातल्या पिशवीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको. मागच्या एप्रिलमधे एकाने तसा ठेवला होता, परत माझ्याकडे आला तेव्हा कॅसेटवर तुकडा होता आणि मेण सगळं सीट कव्हरवर. परत बसवून दिला, पण त्यात दोन दिवस गेलेच.