एनएस१ निगेटिव्ह आली, म्हणजे डेंग्यू नाही असं समजायचं का?

भावाच्या तापाचा आज सहावा दिवस, एनएस१ निगेटिव्ह, प्लेटलेट मात्र ९०,००० वर आलेल्या, आणि डॉक्टर म्हणतायत तपासणीसाठी पुन्हा रक्त द्या. मग पहिली टेस्ट खोटी होती का, असं तुम्ही विचारलंय. टेस्ट खोटी नव्हती, उशिरा झाली. पुन्हा रक्त द्या आणि आजच द्या.

मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न रोज कानावर येतो. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचंच एक प्रथिन आहे. ताप चढल्यापासून पहिले चार-पाच दिवस ते रक्तात चांगलं सापडतं, पुढे कमी कमी होत जातं. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने विषाणूशी लढायला बनवलेली प्रतिपिंडं. ती दिसायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नुसती आयजीएम केली तर निगेटिव्ह, सहाव्या दिवशी नुसती एनएस१ केली तरी निगेटिव्ह, आणि दोन्ही माणसं डेंग्यूनेच फणफणलेली असू शकतात. ज्यांना आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्यांच्यात तर एनएस१ आणखी लवकर नाहीशी होऊ शकते.

रक्त घेताना मी आधी विचारते, ताप नक्की कधी चढला? लोक डॉक्टरकडे गेले तो दिवस पहिला धरतात. तसं करू नका. अंगात कणकण आली, पांघरूण ओढून झोपावंसं वाटलं, तो पहिला दिवस. हा आकडा लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा. आणि शक्य असेल तर आयजीएम एलायझा पद्धतीने, म्हणजे लॅबमधल्या यंत्रावर मोजून, करा. कार्डावर दोन रेघा येतात ती झटपट टेस्ट सोयीची आहे, पण सरकारी कार्यक्रमात पक्का रुग्ण एलायझावरच धरतात. ठरावीक सरकारी रुग्णालयांत ती होते, आणि त्यासाठीचे आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते.

आता पेशींबद्दल. आपल्याकडे प्लेटलेटला सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्याही डेंग्यूत कमी होतात, पण ज्याची सगळे धास्ती घेतात त्या प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणाऱ्या. ९०,००० हा आकडा घाबरण्याचा नाही, लक्ष ठेवण्याचा आहे. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा पडत नाही. तरी नातेवाईक ५०,००० ला रक्तपेढीत धावतात, हे मी दरवर्षी बघते आणि फार वाईट वाटतं, कारण त्याच वेळी रिपोर्टवरचा दुसरा आकडा कुणी बघत नसतं.

तो आकडा म्हणजे पीसीव्ही, रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के ते; काही ठिकाणी एचसीटी लिहितात. माझ्या भाच्याच्या वेळी मी हे घरातच पाहिलं. पाचव्या दिवशी त्याचा ताप उतरला. ताईने मऊ भात करून घातला, सगळे निवांत झाले. एका लॅबमधून एनएस१ निगेटिव्ह आली होती, म्हणून डेंग्यूचा विषयच संपला होता. रात्री त्याचं पोट दुखायला लागलं, तीनदा उलटी झाली, हातपाय गार पडले. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. प्लेटलेट ७०,००० वरून ६२,०००, म्हणजे फार फरक नाही. पीसीव्ही मात्र ४१ वरून ५०. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपत होतं आणि रक्त घट्ट होत चाललं होतं. त्याच रात्री ॲडमिट केलं, मोजून सलाईन दिलं, मुलगा वाचला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच सगळ्यात जोखमीचे. भावाला पोटात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तो गळून गेला, उगाच बेचैन झाला किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून पाणी, ताक, पेज कमी करू नका.

सांधे फार धरले असतील तर चिकुनगुनियाचीही तपासणी करायला सांगा. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती आणि २००६ मध्ये तो राज्यभर परतला. घरात कुणी गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या झिका विषाणूबद्दलही डॉक्टरांशी बोला. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांना लागण झाली. तिन्ही आजार पसरवणारा डास एकच, एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. म्हणून भावाला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा.

हा डास फार लांब उडत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारीच त्याची पैदास चालू असणार. गल्लीत धुराची गाडी फिरली की उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. ताईकडे आम्ही कुंड्या, पिंप, कूलर सगळं पाहिलं, काही नव्हतं. शेवटी फ्रिज पुढे ओढला. मागच्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, बॅटरीचा उजेड पडताच तळाला पळणाऱ्या. काठाला बारीक काळे ठिपके चिकटले होते, ती अंडी. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, ट्रे काथ्याने घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला. ताई आता रविवारी सकाळी फ्रिज ओढते. तुम्हीही आज रक्त देऊन आलात की तुमचा ओढून बघा.