निपलसाठी दागिने गहाण ठेवायचे का?

प्रश्न थोडक्यात: विट्याजवळ आमची 2,000 पक्ष्यांची कंपनीच्या करारावरची ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांची) शेड आहे. 24 बेल ड्रिंकर (घंटेसारखी टांगलेली पाण्याची भांडी) रोज मी आणि सासूबाई धुतो. निपल लाइनचं, म्हणजे पक्षी चोचीनं पिन ढकलून पाणी पितात त्या पाइपचं, कोटेशन 64,000 रुपये आलंय. विक्रेता म्हणतो, रोजची 300 रुपये मजुरी वाचेल, सात महिन्यांत पैसे वसूल. बँकेत 1,20,000ची ठेव आहे. ती मोडायला नको म्हणून माझे मिस्टर दागिने गहाण ठेवायचं म्हणताहेत. पाणी बोअरचं, हंड्याला पांढरी पुटं धरतात.

ताई, रोजचे 300 रुपये आज तुम्ही कुणालाच देत नाही, मग ते वाचणार कुठून? शिवाय शेड काही बारा महिने भरलेली नसते. चाळीसेक दिवसांची बॅच, मग धुणं-चुना आणि पुढची पिल्लं येईपर्यंत वाट बघणं. दोघींची कंबर वाचेल हे खरंच, पण त्यातून हप्ता फिटत नाही.

पैसा वाचतो तो शेडमध्ये अंथरलेल्या तुसात. बेलमधून पाणी सांडतं, तूस ओलं होऊन ढेकळं धरतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि मागोमाग कॉक्सी (कोंबड्यांचा आतड्याचा रोग) येतो. तूस कोरडं राहिलं तर मरतुक आणि एफसीआर (किलोभर वजनासाठी लागणारं खाद्य) सुधारायला वाव असतो, आणि तुमचा ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याचे कंपनी देते ते पैसे, ठरतो तो यावरच. मागच्या तीन-चार बॅचच्या सेटलमेंटचे (कंपनीच्या हिशेबाचे) कागद काढून बसा. मरतुक पावसाळ्यातच वाढलेली दिसली, तर निपलला अर्थ आहे. उन्हाळ्यात वाढत असेल, तर तो पैसा आधी फॉगर (गारव्यासाठी पाण्याचा बारीक फवारा) आणि छताच्या पत्र्यावर खर्च करा.

आता ती पांढरी पुटं. निपलच्या पिनेवर क्षार बसला की एकतर ती अडकते, नाहीतर थेंब थेंब गळत राहते, आणि ज्या कोरड्या तुसासाठी पैसे मोजले तेच भिजतं. म्हणून आधी पाणी तपासून घ्या. त्याचा खर्च किरकोळ आहे.

पाणी ठीक निघालं तर अर्ध्याच शेडला लाइन टाका, साधारण 32,000त. मध्ये जाळी लावा, नाहीतर पक्षी बेलकडेच पळतील. मरतुक आणि खाद्याची पोती दोन्हीकडची वेगळी लिहा. बेल भंगारात घालू नका.

पैशांसाठी दागिने नकोत आणि ठेवही मोडू नका. ठेवीवरच कर्ज काढा. व्याज साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतं, म्हणजे 32,000वर वर्षाला 320 ते 640 रुपयांचाच फरक. प्रत्येक सेटलमेंटला थोडं थोडं फेडा. उरलेल्या ठेवीला मात्र हात लावू नका, कारण कंपनीनं पिल्लं टाकायला उशीर केला की घर त्यावरच चालणार.

कोटेशनमध्ये निपलची संख्या लिहून घ्या. दहा पक्ष्यांना एक धरला तर अर्ध्या शेडला 100 लागतात. फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, लाइन वर घ्यायची विंच आणि शेवटचा फ्लशिंग व्हॉल्व्ह त्याच किमतीत आहेत का, हेही विचारा. बऱ्याचदा ‘ते वेगळं पडेल’ हे पाइप टांगून झाल्यावर कळतं.