शेवटी लग्नच करायचे, तर व्हिक्टोरियन नायिका स्त्रीवादी कशा?

आपण विचारले आहे की, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कादंबऱ्यांतील नायिका अखेर बोहल्यावरच चढतात, मग त्यांत स्त्रीवाद कुठे आहे. शेवटच्या पानावरून कादंबरीचा निकाल लावण्याची ही सवय मला मनापासून नावडते.

एम.ए.ला असताना मी अ‍ॅन ब्राँटेच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८) या कादंबरीवर निबंध वाचत होते. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला मध्येच थांबवून सांगितले की, नायिका हेलन व्यसनी नवऱ्याचे घर सोडते खरी, पण तो आजारी पडताच परतते आणि पुढे दुसरे लग्नही करते, म्हणजे बंड फसलेच. वर्ग हसला. परतल्यावर ती काय करते, याचा मात्र त्यांनी उल्लेखही केला नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला, आर्थरला, मुलाला भेटायचे असते. मूल आपल्याच ताब्यात राहील अशा लेखी करारावर साक्षीदारासमोर सही केल्याशिवाय ती भेटू देत नाही. लेखणी धरवत नाही असे तो म्हणतो, तेव्हा धरवेल तोवर थांबू, असे तिचे उत्तर असते. सत्तेचाळिसावे प्रकरण वाचलेल्या माणसाने याला शरणागती म्हणू नये.

त्या कागदाचे मोल कळण्यासाठी तेव्हाचा इंग्लंडमधला कायदा पाहावा लागतो. १८३९च्या कायद्याने आईला सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयाकडे फक्त अर्ज करता येऊ लागला होता. पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट १८५७पर्यंत संसदेच्या खास कायद्यावाचून मिळत नसे. पत्नीची कमाई तर १८७०पर्यंत पतीचीच होती. म्हणजे खोटे नाव घेऊन, चित्रे विकून हेलन जे मिळवते, तेही कायद्याने ज्याच्यापासून ती पळाली त्याचेच होते. त्याने आधी तिची रोजनिशी वाचून, पळून जाऊन चित्रांवर जगण्याचा तिचा बेत कळताच, रंगसाहित्य जाळून टाकले होते, ते उगाच नव्हे. अ‍ॅनच्या मृत्यूनंतर खुद्द शार्लटने, तिच्या थोरल्या बहिणीने, या विषयाची निवडच चुकल्याचे लिहिले. तेव्हा आमच्या प्राध्यापकांना सोबत थोरांची होती, एवढे मान्य करते.

हेही खरे की, हेलनला आसरा द्यायला घर असलेला भाऊ होता. गिरणीतल्या मजुराच्या बायकोला तो कुठून मिळणार? शिवाय तिची रोजनिशी आपल्यापर्यंत येते ती तिच्या प्रेमात पडलेल्या गिल्बर्टने मित्राला लिहिलेल्या पत्रातून. आणि त्याच गिल्बर्टशी लग्न केल्यावर, वेगळी कायदेशीर तजवीज नसेल, तर काकांकडून आलेल्या तिच्या मालमत्तेचा कारभार पुन्हा नवऱ्याच्याच हाती जाणार होता. आपली शंका इथे रास्त आहे, आमच्या प्राध्यापकांची नव्हती.