बेडका निगेटिव्ह आलाय, मग ट्रूनॅट कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाला दीड महिना खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते, वजनही उतरलंय. दोनदा बेडका तपासला, दोन्ही वेळा निगेटिव्ह. आता दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रूनॅट सांगितलंय. शेजारचे म्हणतात बाहेरच्या देशाचं मशीन आहे, उगाच खर्च. एवढे देश एकत्र येऊन टीबी संपवायच्या गोष्टी करतात, आपल्यासारख्यांना त्याचा काय उपयोग? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, टेस्ट करून घ्या, उद्याच. ट्रूनॅट म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि शेजाऱ्यांना सांगा, मशीन बाहेरचं नाहीये, तुमच्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे.

बेडका मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत रॉबर्ट कॉखनं 1882 मध्ये टीबीचा जंतू शोधला तेव्हापासूनची. एक मिलीलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असले तर दिसतात, कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस खोकत राहतो, घरातल्यांना लागण होत राहते. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण निगेटिव्ह म्हटलं की लोक निर्धास्त होतात.

तुम्ही उपयोग विचारलात ना, तो इथेच आहे. ट्रूनॅटसारखीच डीएनए शोधणारी, तिच्या आधीची जीनएक्सपर्ट टेस्ट (आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात ती) 2010 मध्ये तपासली गेली ती एकाच देशात नाही, पेरूतलं लिमा, अझरबैजानचं बाकू, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन नि डर्बन, आणि आपली मुंबई, अशा ठिकाणच्या 1,730 पेशंटांवर, रोगनिदानाच्या नव्या टेस्टवर काम करणारी जिनिव्हाची फाइंड संस्था त्यामागे होती. बेडका निगेटिव्ह पण कल्चरमध्ये (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघितल्यावर) टीबी निघालेला, असे जे पेशंट होते त्यांच्यातले 72.5 टक्के या एका टेस्टनं पकडले. तुमच्या भावासारखेच हे लोक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टला मान्यता दिली.

पण मान्यता मिळून भागत नाही, परवडायला पाहिजे. 2012 मध्ये अमेरिकी सरकार, युनिटएड ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी पैसे घालून सीबीनॅटचं 16.86 डॉलरचं कार्ट्रिज (दर टेस्टला एक लागणारी डबी) गरीब देशांसाठी 9.98 वर आणलं, पुढे पेशंटांच्या गटांनी नि सेवाभावी संस्थांनी पाच डॉलरसाठी वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा 2023 मध्ये ते 7.97 झालं. माझ्या मते अजून कमी व्हायलाच हवं.

सीबीनॅटला एसी लागतो, लाइट सारखी जाऊन चालत नाही. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, म्हणून छोट्या दवाखान्यातही ठेवता येतं. भारताबरोबर पेरू, इथिओपिया नि पापुआ न्यू गिनीतही त्याची तपासणी झाली, आणि 2020 मध्ये जागतिक मान्यता मिळाली. तासाभरात टीबी आहे की नाही कळतं, आणि असला तर आणखी तासाभरात रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही.

बेडका मात्र सकाळचा द्या, छातीतून खोल खोकून काढलेला, नुसती थुंकी नको. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलं असतील तर आधी त्यांची. आणि औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी परत ट्रूनॅट करा असा हट्ट धरू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात दिसतो, तेव्हा परत बेडका नि कल्चरच बघतात.