गेटवर अजून त्याची वाट बघतात

ताई, मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. शेजारी काम करणारा माझा मित्र गेल्या महिन्यात हार्ट अटॅकनं गेला. आवारातल्या कुत्र्यांना तोच खाऊ घालायचा. ती अजून सेकंड शिफ्टला गेटवर येऊन बसतात. मला बघवत नाही, मी मागच्या दारानं जातो. पोरं त्याचा फोटो लावायला वर्गणी काढताहेत, सुपरवायझर कुत्री हाकला म्हणतोय. त्याच्या घरी जायचाही धीर होत नाही. भावकीतला नव्हता, तरी एवढं का लागतंय?
– एक वाचक, बेळगाव

दादा, लागणारच. दिवसाचे आठ तास ज्याच्यासोबत भट्टीच्या धगीत काढले, ज्याच्या डब्यातलं खाल्लं, त्याचं आपल्याला सुतक नसतं की रजा नसते. बाराव्याला जेवून उठायचं आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. तुमचं कसं चाललंय, हे कुणी विचारतही नाही. रडू आलं तर रडा, त्यात लाज कसली?

येत्या रविवारी त्याच्या घरी जा. सांत्वनाचे शब्द शोधत बसू नका. तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय, की पावसात गारठलेलं पिल्लू त्यानं ओतकामाच्या कोमट वाळूजवळ पोत्यावर निजवलं, आणि शिफ्ट संपेस्तोवर जाता-येता त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास बघत राहिला. हे वाचून मी बराच वेळ पुढं वाचू शकले नाही. त्याच्या बायकोला हे ठाऊक नसणार. कामावरचा तो कसा होता, हे तुमच्याशिवाय तिला कोण सांगणार? जसं घडलं तसं सांगा, त्याच्या पोरांनाही जवळ बसवून सांगा.

फोटो जरूर लावा. पण कुत्र्यांचं त्याच्या आधी बघायला हवं, कारण पोटं रोजची आहेत. सगळं एकट्यानं अंगावर घेऊ नका, चौघा-पाचजणांत वार वाटून घ्या. गेटवर मात्र घालू नका. शिफ्ट सुटताना तिथं गाड्यांची झुंबड असते, एखाद्याला चावलं की सुपरवायझरचंच खरं ठरेल. कडेची एक जागा आणि एकच वेळ धरा. भात, भाकरी, उकडलेलं अंडं चालतं. कांदा-लसणाचं कालवण आणि शिजलेली हाडं नकोत. सांडलेलं लगेच उचला.

खरी निकड नसबंदीची आहे. कुत्री दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं वाढली की हाकलायची भाषाही वाढते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक पालिकेची जबाबदारी आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ज्यांना खाच नाही ती मोजा आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी महानगरपालिकेत अर्ज द्या. खाऊ घालायला ठरावीक जागा करून द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 ला पालिकांना सांगितलंय. तीही त्याच अर्जात मागा, म्हणजे सुपरवायझरला दाखवायला हातात कागद राहील. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर हलेल. तुमच्या खात्यातल्या एखाद्या कन्नड सोबत्याकडून लिहून घ्या, त्याचाही तो मित्र होताच की.