अनुदानासाठी मुलांची नावं, फोटो, आधार मागतात तेव्हा

तुमचा प्रश्न वाचला. तालुक्याच्या गावी लहान संस्था, पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणांतल्या मुलांचं समुपदेशन आणि कोर्टात सोबत. एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मंजूर झाला, पहिला हप्ता आला. आता दुसऱ्या हप्त्याआधी कंपनीने नेमलेली देखरेख एजन्सी सगळ्या मुलांची नावं, फोटो, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल एक्सेलमध्ये मागते आहे. शिवाय पगारावर एवढा खर्च का, असा शेरा. एजन्सीचा माणूस फोनवर म्हणाला, "बाकी सगळ्या संस्था देतात." हे वाक्य आम्हीही ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

नोंदणी, १२ए, ८०जी, दर्पण, सीएसआर-१ या संस्थेला लागणाऱ्या सरकारी नोंदींत शिरत नाही. ते नसतं तर पहिला हप्ताच आला नसता.

यादी देऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात, दृक्‌श्राव्य माध्यमात किंवा संपर्काच्या इतर कोणत्याही प्रकारे उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉक्सोच्या कलम ३३(७) मध्ये 'ओळख' या शब्दात मुलाचं कुटुंब, शाळा, नातेवाईक आणि शेजारसुद्धा धरलेला आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ वेगळं, त्यातही बलात्कारासारख्या गुन्ह्यांतल्या पीडित व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पालकांची सही घेतली की आपण मोकळे, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. पॉक्सोच्या प्रकरणात ओळख उघड करायची परवानगी विशेष न्यायालय देऊ शकतं, तीही मुलाच्या हितासाठी आणि कारणं लेखी नोंदवून. कंपनीचा अहवाल हे मुलाचं हित नव्हे.

आमची चूक यादीच्या आधी झाली होती. करारनाम्याच्या शेवटी जोडपत्रात एक ओळ होती: 'अंतिम हप्ता लाभार्थ्यांची छायाचित्रांसह पडताळणीयोग्य यादी मिळाल्यानंतर देय राहील.' जोडपत्र आम्ही वाचलं नाही, सही केली. शेवटचा हप्ता ३० टक्के होता. यादी दिली नाही, हप्ता अडला, आणि त्या कार्यालयात कोणीही लेखी 'हो' किंवा 'नाही' म्हणायला तयार नव्हतं. दर वेळी नवा अधिकारी, दर वेळी तोच ईमेल पहिल्यापासून. एका कार्यकर्तीने त्या काळात नोकरी सोडली आणि तिच्याकडच्या मुलांना नव्या माणसाशी पुन्हा शून्यापासून बोलावं लागलं. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

मी वकील नाही, तुमचा करार मी पाहिलेला नाही, तेव्हा खालचं सगळं तुमच्या वकिलाला दाखवून मगच करा.

तुम्ही आज काय करायचं, तर फोनवर बोलणं बंद. उत्तर ईमेलने, आणि ते एजन्सीला नाही तर कंपनीच्या सीएसआर प्रमुखाला. प्रत कंपनी सचिवाला. एजन्सीला फक्त रकाने भरायचे असतात. कायद्याची जोखीम कंपनी सचिवाला लगेच कळते. पत्रात वरची तीन कलमं लिहा आणि यादी देणं संस्थेला आणि मागणाऱ्याला दोघांनाही अडचणीचं आहे हे सरळ म्हणा. करारात यादीची अट असेल तर भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २३ कडे बोट दाखवा, कायद्याने मना केलेल्या गोष्टीसाठीची अट टिकत नाही. मग त्याच पत्रात पर्याय द्या. नुसता नकार पाठवला की फाइल 'संस्था सहकार्य करत नाही' या शेऱ्याखाली बंद होते.

पर्याय देण्यासाठी कंपनीला नेमकं काय लागतं ते माहीत हवं. सीएसआर नियमांनुसार दिलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला याची संचालक मंडळाने खात्री करायची असते आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसं प्रमाणित करायचं असतं. मुलांची नावं कुठेही मागितलेली नाहीत. शिवाय संस्थेला रक्कम दिली एवढ्याने कंपनीचा खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेने तो प्रत्यक्ष वापरावा लागतो. म्हणून मार्च जवळ आला की ती माणसं घायकुतीला येतात. त्यांना हवं असतं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. तेव्हा तुमचं पत्र जानेवारीच्या मध्याच्या आत गेलं पाहिजे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी कायदा वाचत बसत नाही.

पर्याय असा: संकेतांकांची यादी. एका मुलाला एक संकेतांक, आणि रकाने एवढेच: वयोगट (६ ते १०, ११ ते १४, १५ ते १७), मुलगा की मुलगी, नोंदीची तिमाही, समुपदेशनाची सत्रं, कोर्टात सोबत किती वेळा, शाळा सुरू की बंद. गाव नाही. तालुकासुद्धा सगळ्या तालुक्यांत बरीच मुलं असतील तरच, एखाद्या तालुक्यात एकच मूल असेल तर फक्त जिल्हा. गुन्हा नोंद क्रमांक आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाचा क्रमांक देऊ नका, त्या क्रमांकांवरून घरापर्यंत पोचता येतं. संकेतांकात गावाचं आद्याक्षर, जन्मवर्ष, नावाची अक्षरं घालायची नाहीत. हे हमखास होतं, कारण कार्यकर्त्यांना लक्षात ठेवायला सोपं जातं. सरळ १०१ पासून अनुक्रम चालवा आणि मध्ये काही आकडे मुद्दाम सोडा.

नाव आणि संकेतांक यांची जोडी फक्त एका, हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये. ते कुलूपबंद कपाटात, किल्ल्या दोन, दोघांची नावं ठरावात. संगणकावर ही जोडी ठेवूच नका, निदान आपल्यासारख्या संस्थांनी. एक लॅपटॉप चार जण वापरतात आणि फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात.

नावं यादीतून क्वचितच फुटतात, व्हाउचरमधून सर्रास फुटतात. 'कु. अमुक हिला न्यायालयात नेण्यासाठी रिक्षा, रु. १८०.' असं लिहिलेलं व्हाउचर लेखापरीक्षकाकडे जातं, तिथून स्कॅन होऊन कंपनीकडे. बँकेतून पैसे पाठवताना शेऱ्यात 'अमुकची सोनोग्राफी' लिहिलं जातं आणि ते खातेउताऱ्यावर कायमचं छापलं जातं. दवाखान्याच्या बिलावर तर नाव असतंच. म्हणून प्रत्येक व्हाउचरवर आणि यूपीआयच्या शेऱ्यात फक्त संकेतांक. दवाखान्याचं मूळ बिल गोपनीय फाइलमध्ये, सीएने ते संस्थेत बसून पाहायचं, आणि कंपनीला नाव झाकलेली प्रत 'मूळ बिल पाहिले' अशा सीएच्या शिक्क्यासह. तुमचा सीए कुरकुर करेल, पण एकदा समजावलं की करतो.

जाता जाता: एसटीचं मशीनमधलं तिकीट काही महिन्यांत कोरं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ तिकीट मागे चिकटवा. आणि महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा आई आणि मुलगी यांचं पूर्ण भाडं अंदाजपत्रकात धरू नका, तपासणारा ते बरोबर पकडतो. खरा खर्च बसस्थानक ते कोर्ट या रिक्षेचा, जेवणाचा आणि आईच्या बुडालेल्या मजुरीचा असतो, तो लिहा.

फोटोंचं म्हणाल तर पाठमोरे आणि धूसर केलेलेही नको. गणवेशाचा रंग, भिंतीवरचं शाळेचं नाव, हातातली राखी, शेजारी उभी असलेली आजी. गावातल्या माणसाला तेवढं पुरतं. समुपदेशनाच्या खोलीचा, खेळण्यांच्या मांडणीचा, प्रशिक्षणाला आलेल्या पोलिसांचा आणि शिक्षकांचा त्यांच्या संमतीने फोटो द्या. 'यशोगाथा' मागितली तर दोन-तीन प्रकरणांतले तपशील मिसळून लिहा आणि तसं तळाशी स्पष्ट नमूद करा.

प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरला तर नाही म्हणू नका, पण मुलं नसताना बोलवा. कोऱ्या नमुन्यातली फाइल, नावं झाकलेल्या दोन फायली, रजिस्टरचं बंद कपाट, सत्रांच्या तारखांची वही एवढं दाखवा. मुलांशी बोलायचं आहे म्हणाले तर ठाम नकार. साक्ष व्हायची असलेल्या मुलाला परक्या माणसाने प्रश्न विचारले तर बचाव पक्षाचा वकील त्याचं काय करेल हे त्यांना सांगा. हे कारण बहुतेकांना पटतं.

पुढच्या करारात हे कलम घाला, आणि आत्ताच्या करारालाही पुरवणी म्हणून मागा: 'लाभार्थी बालकांची नावे, छायाचित्रे, पत्ते, शाळा, आधार क्रमांक, गुन्हा नोंद क्रमांक अथवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देण्यास संस्था बांधील राहणार नाही. कामाची पडताळणी संकेतांकित नोंदी, पूर्वनियोजित भेट आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र यांवर होईल.' एवढी दोन वाक्यं. आणि जोडपत्रं वाचा, सगळी. कंपन्यांचा मसुदा बहुतेक शाळा आणि शौचालयांच्या प्रकल्पांसाठी केलेला असतो, तोच सगळ्यांना पाठवतात.

आता पगाराचा शेरा. समजा तुमच्याकडे वर्षभर ३० मुलं सक्रिय आहेत. दोन सामाजिक कार्यकर्ते २०,००० ने, वर्षाचे ४,८०,०००. एक समुपदेशक २८,००० ने, ३,३६,०००. प्रवास ३० मुलं, प्रत्येकी ८ फेऱ्या, फेरीला ४५०, म्हणजे १,०८,०००. अर्धवेळ हिशेबनीस ७२,०००. समुपदेशकाला स्वतःसाठी वरिष्ठ तज्ज्ञाशी महिन्यातून दोन बैठका, ३६,०००. एकूण १०,३२,०००. त्यातले सुमारे ७९ टक्के नुसते कार्यकर्ते आणि समुपदेशक. एका मुलामागे ३४,४०० रुपये. शेवटची ३६,००० ची ओळ कापायला सांगतात, ती अजिबात कापू देऊ नका. रोज असं ऐकणारी बाई दीड वर्षात मोडून पडते.

पाच टक्क्यांची मर्यादा तुमच्या तोंडावर फेकतील. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, तुमच्या प्रकल्पावरच्या माणसांच्या पगारावर नाही. शाळा चालवणाऱ्या प्रकल्पात शिक्षकाचा पगार प्रकल्पखर्चच असतो, तसंच हे. म्हणून अंदाजपत्रकात 'वेतन' असा एक रकाना करू नका. 'समुपदेशन सेवा', 'न्यायालयीन सोबत' असे कामाचे रकाने करा आणि त्याखाली माणसं दाखवा. यात लपवाछपवी काही नाही, पैसा खरोखर त्यावरच जातो.

एका मुलामागचा आकडा मोठा दिसतो म्हणून शाळांतल्या 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' सत्रांची दोन हजार मुलं त्याच बेरजेत घालायचा मोह होईल. घालू नका. पुढच्या वर्षी कंपनी २,०३० ने भागून 'गेल्या वर्षी एवढ्यात झालं होतं' म्हणते आणि ३० मुलांचे पैसे उडतात. दोन वेगळे तक्ते, दोन वेगळे खर्च.

उद्दिष्टांतही सावध राहा. 'इतके गुन्हे नोंदवू', 'इतक्यांना शिक्षा होईल' असलं काही लिहून देऊ नका. माहिती कळली की पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारकच आहे, त्याचं उद्दिष्ट कसलं ठरवता? आणि निकाल न्यायालयाच्या हाती. ठरलेल्या सत्रांपैकी किती झाली, साक्षीच्या दिवशी सोबत होती का, अंतरिम भरपाईचा अर्ज गेला का, मूल शाळेत परतलं का, एवढं मोजा.

हप्ते ४०-३०-३० असतील तर बदलून मागा. वरच्या अंदाजपत्रकात ३० टक्के म्हणजे ३,०९,६००, आणि दोन कार्यकर्ते व समुपदेशक मिळून महिन्याला ६८,००० जातात. म्हणजे साडेचार महिन्यांचे पगार अहवाल मंजूर होईपर्यंत तुमच्या खिशातून. ५०-४०-१० मागा. ५०-३०-२० वर तडजोड होते. पॉक्सोचा खटला एका वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात पुष्कळ खटले रेंगाळतात आणि अनुदान मात्र बारा महिन्यांचं. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत नवी प्रकरणं घेण्याआधी पुढच्या पैशाची खात्री करा. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम मुक्त (कोणत्याही अटीविना आलेल्या) देणग्यांतून बाजूला काढायला आजपासून सुरुवात करा. दोन हजार रुपयांच्या मासिक देणग्या देणारी ४० माणसं गोळा करणं जिकिरीचं आहे, पण त्या ८०,००० वर कोणी यादी मागत नाही.

तुम्ही शेवटी अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून मदत घ्यावी का असं विचारलंय. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मात्र घेऊन ठेवा. ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक), अमेरिकी नागरिक किंवा तिथली संस्था असेल तर एफसीआरए (परकीय योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक डॉलरसुद्धा नको, मग तो सख्खा भाऊ का असेना. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षं जुनी संस्था आणि गेल्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाखांचा खर्च लागतो, तुमचा अजून तेवढा झालेला दिसत नाही.

पत्राचा मसुदा तयार झाला की त्यातून कंपनीचं नाव काढून इथे टाका, मी पाहते. एजन्सीने दिलेली मुदत येत्या शुक्रवारची असेल तर गुरुवारच्या आत तारीख घातलेलं उत्तर गेलंच पाहिजे, अर्धवट असलं तरी चालेल, आणि सोबत संकेतांकांची यादी जोडलेली असू द्या.