झाडीच्या जवळ नांगर टाकला आणि रात्री बोट सरकली

प्रश्न: आमची ९ मीटरची शिडाची बोट आहे, आम्ही दोघंच असतो. मागच्या महिन्यात एका राखीव जंगलाच्या बेटावर गेलो होतो, झाडी अगदी पाण्यापर्यंत आलेली, खाडीच्या आतल्या कोपऱ्यात किनाऱ्यापासून ३० मीटरवर नांगर टाकला. खाली काळपट दिसत होतं, वाटलं चिखल असेल, चांगला धरेल. ओहोटीला ४ मीटर पाणी होतं, साखळी २० मीटर सोडली. संध्याकाळी वारा नावालाही नव्हता आणि रात्री दोनला जाग आली तर बोट खाडीच्या तोंडाशी, खडक समोर दिसतायत! पुढच्या वेळी मागून एक दोर झाडाला बांधला तर चालेल का?

उत्तर: जाग आली हे फार बरं झालं. दोराचं नंतर बोलू, आधी त्या काळपट जागेबद्दल. नांगर वर घेतला तेव्हा त्यात गवताचा गुंता अडकलेला होता का? असेल तर तो चिखल नव्हता, समुद्री गवत होतं. गवतात नांगर नीट रुततच नाही, मुळांच्या जाळीत कुठेतरी अडकतो आणि आपल्याला वाटतं धरला, मग जोराचा ओढा आला की मुठीएवढं गवत उपटून सुटतो, आणि पुढे घसरत जाईल तिथपर्यंत गवत खरवडत जातो. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया नावाचं गवत वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरतं, त्यामुळे एका रात्रीची जखम भरायला कितीतरी वर्षं जातात, स्पेनच्या बॅलिआरिक बेटांनी तर २०१८ मध्ये त्यावर नांगर टाकायला बंदीच घातली. म्हणजे बघा, जी जागा बेटाला नको तीच आपल्या बोटीलाही नको. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना आत शिरा, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावा आणि फिक्कट, वाळूचा पट्टा शोधा, तो किनाऱ्यापासून लांब असला तरी तोच घ्या. राखीव क्षेत्राचे बांधलेले बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) असतील तर नांगर टाकूच नका, सरळ बोया धरा.

आता साखळी. तुम्ही ओहोटीचं पाणी धरून हिशोब केलात, इथेच चूक होते आणि खूप जणांची होते. भरती २ मीटर चढली असं धरलं आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर उंच, तर ४ नाही, ७ मीटर झाले, मग तुमची २० मीटर साखळी तिप्पटही भरत नाही. निदान पाचपट हवी, म्हणजे ३५ मीटर, वारा वाढणार असेल तर अजून, आणि नुसता दोर असेल तर सातपट. उधाणाच्या दिवसांत हा आकडा आणखी चढतो. पण ३५ मीटर साखळी आणि ९ मीटरची बोट म्हणजे नांगराभोवती साधारण ४४ मीटर त्रिज्येचा फेरा, तो ३० मीटरवर मावणारच नाही, म्हणून झाडीला खेटून राहायचा मोह सोडावा लागतो.

आणि रात्री वारा कुठून आला? बेटावरूनच. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे हे शाळेत शिकलोय आपण सगळेच, उंच बेट असेल तर थंड झालेली हवा उतारावरून खाली घसरते आणि दरी जिथे खाडीत उतरते तिथून धक्क्याधक्क्याने बाहेर पडते. संध्याकाळची शांतता बघून त्यावर रात्र काढू नका. नांगर टाकल्यावर इंजिन रिव्हर्सला हळूहळू वाढवत न्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा, सरकत असेल तर लगेच कळतं. फोनवर नांगराचा अलार्म, म्हणजे बोट जागेवरून सरकली की वाजणारा, लावूनच झोपा.

झाडाला दोर? राखीव बेटावर नको. बोट डुलते तसा दोर साल कापत जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो उंदरांसाठी पूल होतो. १९१८ मध्ये माकाम्बो नावाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर रुतलं, त्यातून उंदीर उतरले आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या पाच जातींचे पक्षी जगातून गेले, बाकीची झाडं-पक्षी वाचवायला थेट २०१९ मध्ये बेटभर उंदीरनाशाची मोहीम करावी लागली. (न्यूझीलंडमध्ये तर एक उंदीर ४०० मीटर पोहून दुसऱ्या बेटावर गेला होता, म्हणजे लांब राहिलो की सुटलो असंही नाही.) निघायच्या आधी बोट आतून तपासा, धान्याचे डबे घट्ट बंद करा, उतरायची परवानगी असेल तरच उतरा आणि चपलांच्या तळाची माती-बिया धुऊन मग पाय ठेवा.

रात्री नांगरावरचा चौफेर दिसणारा पांढरा दिवा लावायचाच, तो सुरक्षेचा आहे. बाकीचे डेकवरचे दिवे मात्र बंद ठेवा, खिडक्यांना पडदे ओढा, कारण बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी अंधारातच किनाऱ्यावर येतात आणि उजेडाला भुलून बोटीवर आदळतात.